कुठली क्लिओपात्रा?

क्विझ घ्यायची हौस असते, पण हातातल्या कार्डापलीकडे काही वाचायला नको! परवा इथे आखातात, आमच्या मराठी मंडळाच्या क्विझमध्ये आम्ही सिलिकॉन ओएसिस भागातले आणि देरा भागातले बरोबरीत होतो. शेवटचा प्रश्न आला, "क्लिओपात्राच्या भावाचं नाव?"

मी बझर दाबला. "अलेक्झांडर!"

"चूक! टॉलेमी," क्विझ घेणारे जोशीकाका म्हणाले.

"काका, ती इजिप्तची राणी. अलेक्झांडरच्या सख्ख्या बहिणीचं नावही क्लिओपात्राच होतं. ग्रीक पुराणात आणखी आहेत. तुम्ही कुठली विचारलीत?"

"क्लिओपात्रा म्हटलं की एकच, हबीबी. खलास!"

गुण मांडणाऱ्या फर्नांडिस आंटींनी शांतपणे आमचे दहा गुण लिहिले आणि म्हणाल्या,

"जोशीकाका, मघाशी मी माइकवरून जोशींना बोलावलं, तेव्हा 'कुठले जोशी?' असं तुम्हीच विचारलंत ना?"