बेचाळीसचा शर्ट

हॅलो? … चिमे? अगं, कुठे होतीस? चार वेळा लावला फोन… नाही, बरी आहे ताई तुझी… नाही गं, नाही बरी. ऐक ना.

घर छानच आहे. पोस्टमास्तरांचं घर, पडद्यांनासुद्धा इस्त्री… हो, ते नवरा-बायको माझ्या फ्लॅटमध्ये, मी त्यांच्या घरात. महिनाभर… घराचा काही त्रास नाहीये. माणसांचा आहे!

वाईट नाहीत गं. चांगली आहेत, तोच तर त्रास. आठ दिवसांत गॅस पेटवू दिला नाहीये मला. सकाळी बेकरीवालीण गरम पाव घेऊन हजर, दुपारी शिंपी सूपचं पातेलं घेऊन… थांब हां, दार वाजतंय. हो, आले! … अय्या, अंडी? अहो, कालचीच आहेत अजून… बरं, ठेवा, ठेवा… हो, येणार तर! … हो हो, दोघंही.

… हॅलो? आहेस ना? ऐकलंस? 'दोघंही'. तेच सांगायला फोन केलाय.

अगं, पोस्टमास्तरांनी गल्लीत सांगून ठेवलं होतं, नवरा-बायको राहायला येणार म्हणून. घरांच्या अदलाबदलीचा फॉर्म ह्यांनीच भरला होता ना, दोन वर्षांपूर्वी. दोघांची नावं. मी काही बदललं नाही… आणि पहिल्याच दिवशी बेकरीवालीण म्हणाली, साहेब कुठे दिसत नाहीत? तर मी… मी म्हटलं, कामात आहेत, पुढच्या शुक्रवारी येतील.

ओरडू नकोस! … माहितेय गं, चौदा महिने झाले. मला माहीत नसेल? … पण चौदा महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं मला. तिकडे सगळे ह्यांचं नाव टाळतात. हो, तूसुद्धा. आणि इथे रोज कुणीतरी विचारतं. चहात साखर किती घेतात? घोरतात का? … आठ दिवस हे जिवंत होते गं, चिमे.

… रडू नकोस ना. तू रडलीस तर मी काय करू? … पुढे ऐक.

आज शुक्रवार! चौकात सगळ्या गल्लीचं जेवण आहे. घराघरातून टेबलं-खुर्च्या बाहेर आल्यात. जेवणाआधी रस्सीखेच, आणि न्हाव्याने ह्यांना टीममध्ये घेतलंय… हस, हस! जॅमची बरणी उघडायला शेजाऱ्यांना हाक मारायचे ना तुझे भाऊजी! … आणि शिंप्याने टीमचा शर्ट शिवलाय. ह्यांच्यासाठी, हो… माप मीच दिलं. बेचाळीस. त्याने विचारलं, तोंडातून निघून गेलं.

काय सांगू, बस चुकली? मग उद्या काय? … तब्येत? नको. तब्येतीचं नको, चिमे.

हो… हो… कळतंय गं मला. खरंच सांगायला हवं. सकाळपासून तीनदा जिना उतरलेय. प्रत्येक वेळी कुणीतरी हातात काहीतरी ठेवतं आणि मी आपली परत वर. एका जागी बसवत नाहीये… आत्ताही फेऱ्याच मारतेय.

साडेपाचची बस. न्हावी, शिंपी, बेकरीवालीण, तिघंही थांब्यावर जाऊन उभे आहेत… घ्यायला! दुसरं कशाला? इथे खिडकीतून समोरच दिसतायत. शिंप्याने शर्टसुद्धा आणलाय.

बरं. बरं बाई. चप्पल घालतेय… बस यायच्या आत सांगते. पण काय बोलू? … हं. 'ते गेले.' एवढंच. हं…

… आली गं. बस आली.

एक बाई उतरली. पिशवी घेऊन एक म्हातारा… न्हावी टाचा उंचावून आत डोकावतोय. शिंप्याने शर्ट दोन्ही हातांनी वर धरलाय…

काय? … मी? मी काय करतेय?

मीही बसच्या दाराकडेच बघतेय गं.

… नाही. आणखी कुणी नाही… दार बंद झालं. गेली बस.

तिघंही वर बघतायत, माझ्याकडे… हो, जाते. आता जातेच. सांगते त्यांना… आणि शर्ट मागून घेते… हो. मला हवाय तो. ठेवते.