दक्षिणेला कोण?

सेनगावात अर्जनवीसासमोर रांगेत माझ्या पुढं दोघे भाऊ बसले होते, शेषराव आणि धाकटा भीमराज. सामाईक घर निम्मं-निम्मं नावावर करून घ्यायचं होतं.

"शेषराव, चतुःसीमा सांगा. तुमच्या हिश्शाच्या पूर्वेला काय?"

"रस्ता."

"पश्चिमेला?"

"हापसा."

"उत्तरेला?"

"विहार."

"दक्षिणेला?"

"तिकडं आमचंच घर हाय की."

"ते आता भीमराजचं. तसं लिहितो."

"पुढं 'भाऊ' लिहा."

"चतुःसीमेत नातं लिहीत नसतात."

"दादा, म्हंजे मी तुमचा शेजारी झालो का?"

"गप बस रे. लिहू दे त्यांना."

"मधे दार आहे का?"

"व्हय."

"कडी कोणाच्या बाजूनं?"

"त्या दाराला कडीच न्हाई, साहेब."