मऊ चापाचं पिस्तूल

आर्कान्सॉतल्या एका गावात, बंदुकांच्या दुकानात, वेंडेल आपली बिघडलेली बंदूक घेऊन रांगेत उभा होता. त्याच्या पुढे ओलीटा म्हातारी होती. बोटं संधिवाताने वाकलेली. दुकानदार ड्वेन सकाळपासून बोलून बोलून थकला होता.

"हे बघा, ओलीटाकाकू. छोटं, हलकं. बायका हेच नेतात."

"जावयानेही हेच आणलं होतं. एक गोळी झाडली आणि तीन दिवस मनगट शेकत बसले."

"हलकं पिस्तूल जास्त झटका देतं, खरंय. मग हे वजनदार घ्या. आतली स्प्रिंग मऊ आहे. वरचा भाग मागे ओढा."

"अरे, माझ्याच्याने बरणीचं झाकण निघत नाही, आणि हे... अगंबाई, ओढलं गेलं की!"

"आता चाप दाबा. रिकामंच आहे."

"लोणी आहे रे नुसतं! आता येऊ देत कोल्हे कोंबड्यांच्या मागे."

"बांधून देऊ? हॉलिसकाकांनाही चालेल. नवरा-बायकोत एक पुरे."

"त्याला जमेल हे?"

"तुम्हाला जमलं, म्हणजे कुणालाही जमेल."

"मग नको, बाबा. मला जमेल आणि त्याला जमणार नाही, असं काहीतरी दाखव."

"का? काकांचे हात तर धडधाकट आहेत अजून."

"हात धडधाकटच आहेत. काल सकाळी त्याला अंडी वाढत होते, तर माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, 'बाई, तुम्ही कोण? माझ्या घरात कशा शिरलात?'"