जागा मी निवडतो

...नाही, तिथं नका लावू गाडी. दिसतेय सपाट, वाळू मऊ, वर झाडाची सावली – दिसणारच. ती पाण्याची वाट आहे, पाहुणे. आता कोरडी आहे म्हणून काय झालं? तिकडं डोंगरात पाऊस पडतो, इथं डोक्यावर ऊन असतं आणि पायाखालून पाणी येतं, आणि मग तुमची ही राहायची लांबलचक नवी गाडी, आत बसलेल्या बाईंसकट, खाली हमरस्त्यावर सापडते. एकेचाळीस वर्षं नॉर्थ डकोटात बोअर पाडलेत मी. पाणी कुठं आहे आणि कुठून जाणार ते जमिनीकडं बघून कळतं. शाळा आठवीपर्यंत. पुढचं जमिनीनं शिकवलं. घ्या, वर घ्या. माझ्या शेजारी लावा, पण पन्नास पावलं सोडून. इथं आम्ही खेटून राहत नाही. खेटूनच राहायचं होतं तर गाव काय वाईट होतं.

हां, थांबा. आता तोंड फिरवा तिचं. फ्रिजची बाजू उत्तरेला. का म्हणजे? त्या बाजूला ऊन बसलं की फ्रिज दिवसभर धापा टाकतो आणि दूध नासतं. मोठ्या खिडक्या दक्षिणेला, म्हणजे सकाळी शेगडी न पेटवता आत ऊब येते. विकणाऱ्यानं सांगितलं नाही ना? तो कशाला सांगेल. त्यानं टीव्ही दाखवला असेल. दाखवला ना? सगळ्यांना टीव्हीच दाखवतात.

बरं, तुम्ही मघाशी विचारलंत – हिवाळा काढायला चांगली जागा कुठली. मला विचारलंत ते बरं केलंत, कारण एकोणीस हिवाळे मी चाकांवर काढलेत आणि लोक जागा कशी निवडतात ते बघितलंय. नकाशा पसरतात आणि बोट खाली खाली नेतात. जितकं खाली तितकं गरम. चूक. उंची बघायची. इथून दक्षिणेला डोंगरात गावं आहेत, नकाशावर आपल्या खाली, पण पाऊण मैल उंचावर. दुपारी लोक अर्ध्या बाहीत फिरतात आणि पहाटे पाण्याचे नळ गोठून फुटतात. फ्लोरिडा म्हणाल तर ऊब आहे, पण ओली चादर पिळून अंगावर घ्यावी अशी ऊब. वर गाड्यांच्या प्रत्येक तळावर नियम – कपडे वाळत घालू नका, कुत्रा भुंकला तर चिठ्ठी, आणि तुमची गाडी दहा वर्षांहून जुनी असेल तर तुम्हाला फाटकातूनच परत. माझी चोवीस वर्षांची आहे. मी कुणाला माझी गाडी तपासू देत नाही. कॅलिफोर्नियाबद्दल बोलायचंच नाही. राहिलं हे वाळवंट. कोरडं, सपाट, सरकारी जमीन, एक परवाना काचेवर चिकटवला की सात महिने कुणी हटकत नाही. याच्याहून चांगली जागा या देशात नाही. असेल तर दाखवा.

टेक्सासचा किनारा? कोण म्हणालं – बाई म्हणाल्या? वाटलंच मला. बायकांना समुद्र लागतो. का लागतो ते त्यांना विचारून उपयोग नाही, समुद्राकडं बघत बसायचं असतं म्हणे. अहो, पण खारा वारा. तो लोखंड खातो. गाडीखाली वाकून बघत नाही कोणी, पण दोन हिवाळ्यांत सांगाडा असा होतो की स्क्रूड्रायव्हर आरपार जावा. आणि ओल. आणि ते पक्षी, ते पेलिकन, खांबांवर बसून असतात ओळीनं म्हाताऱ्यांसारखे – तिथं सकाळी चहाच्या वेळेला येतात आणि अकराला उडून जातात, आणि रॉकपोर्टला मासळी उतरते त्या धक्क्यावर त्यातल्या एकाचा पाय मोडका आहे – नाही, मी गेलो नाही तिकडं कधी. मला ठाऊक आहे. आर्डिस सांगते फोनवर.

आर्डिस म्हणजे माझी बायको. आहे, जिवंत आहे, असा चेहरा करू नका. धडधाकट आहे. तिकडं आहे, बहिणीकडं. मर्नाकडं. पाहुणी म्हणून गेलीय. बरेच दिवस झाले, हो. आता मोजायचेच तर सहा आठवडे.

भांडण? आमच्यात भांडणं होत नाहीत. सेहेचाळीस वर्षं झाली लग्नाला. जागा मी निवडतो, स्वयंपाक ती करते, कुणाला तक्रार नव्हती. ती दर शरदात एकदा विचारायची, यंदा समुद्र बघायचा का? मी म्हणायचो, गंज. झालं. एकोणीस वेळा विचारलं, एकोणीस वेळा मी गंज म्हटलं. यात भांडण कुठं आलं?

झालं ते चुकून झालं. घरून, मायनॉटहून निघालो, दुसऱ्या दिवशी वायोमिंगमध्ये डिझेलला थांबलो, एक ट्रकवाल्यांचा मोठा थांबा आहे तिथं. आर्डिस मागच्या पलंगावर झोपली होती. मी डिझेल भरलं, काच पुसली, आणि गाडीभोवती फेरी मारली. तुम्हीपण मारत जा – निघण्याआधी यादी वाचायची आणि एकेक गोष्ट हातानं बघायची. पायरी आत, अँटेना खाली, गॅस बंद, कपाटांच्या कड्या, मागं जोडलेल्या मोटारीचे दिवे. माझ्या यादीत सतरा गोष्टी आहेत, मी स्वतः लिहिलीय. एरवी आर्डिस वाचते आणि मी बघतो. त्या दिवशी तिची झोप मोडायला नको म्हणून मीच वाचली. सतराच्या सतरा झाल्या. बायको आत आहे का, हे यादीत नव्हतं.

हसा. इथल्या सगळ्यांनी हसून घेतलंय. या वाळवंटात तुम्हाला निदान तीन माणसं भेटतील ज्यांनी बायको पंपावर विसरलीय. पण ते वीस मैलांवरून परत फिरले. मी एकशे तीस मैल गेलो. ती खाली उतरली होती तिथल्या खानावळीत अ‍ॅपल पायचा एक तुकडा खायला, तिचा फोन पुढं चार्जिंगला, आणि मी चाललोय. गप्प नाही, बोलत चाललोय. मागच्या खोलीला उद्देशून सांगतोय तिला – यंदा कुठं राहायचं, फ्लोरिडा का नको, उंची म्हणजे काय, गंज म्हणजे काय. सगळं नीट समजावून. दोन तास. ती गप्प राहिली की मला वाटतं पटलं तिला. नेहमी असंच वाटायचं.

पलंग रिकामा दिसला तशी गाडी फिरवली. परत गेलो तेव्हा खानावळीच्या खिडकीशी बसली होती. चिडली असती तर बरं झालं असतं. किती लांब गेला होतास ते विचारलं आणि म्हणाली, कळायला एकशे तीस मैल लागले का? मी म्हटलं, तू झोपलीयस असं वाटलं. म्हणाली, मग कंटाळला असशील एकटा. मी म्हटलं, नाही, तुझ्याशी बोलत होतो. काय बोलत होतास? आता मी खोटं बोलत नाही, पाहुणे, हा माझा दोष आहे. सांगितलं – हिवाळ्याच्या जागेचं बोलत होतो. तर ती म्हणाली, झालं का मग बोलून आपलं? काय ठरलं? मी म्हटलं, वाळवंट. ती म्हणाली, बरं. आणि उठून गाडीत गेली, पिशवी भरली, बाहेर आली, आणि त्या थांब्यावरच टेक्सासच्या बसचं तिकीट काढलं. तिकीट देणाऱ्या पोरीला म्हणाली, एकच. एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही.

मी काय तिच्या मागं बसच्या मागं जाऊ? नाही गेलो. इथं आलो. दर रविवारी फोन होतो. ती पक्ष्यांचं सांगते, मी इथलं किती गरम आहे ते सांगतो. ये म्हणून मी म्हटलं नाही. माझं काय अडलंय? जेवण करता येतं मला. डबा उघडून गरम करायला शाळा लागत नाही. आणि इथं मला जे हवं ते –

काय बघताय माझ्या गाडीच्या काचेकडं? परवाना आहे तो. हो, वाचता येतं ना तुम्हाला, मग कशाला विचारता. चौदा दिवसांचा आहे. पूर्ण हिवाळ्याचा नाही. चौदा दिवसांचापण देतात, चौकीत मागितला की. मागितला म्हणून दिला. आणि हा तिसरा आहे. पहिला संपला, दुसरा काढला, तो संपला, तिसरा काढला. चौकीतली बाई म्हणाली, आजोबा, एकदाच सात महिन्यांचा घ्या की, दर वेळी कशाला येता रांगेत. मी म्हटलं, तुमचं काम परवाना द्यायचं आहे, सल्ला द्यायचं नाही. तुमचंही नाही.

ऐका. मर्नाच्या शेजारी एक जागा आहे. मोकळी, विजेची जोडणी असलेली, गाडीसाठीच. आर्डिसनं गेल्या रविवारी सांगितलं की तिनं ती धरून ठेवलीय. माझ्या नावावर. मला न विचारता. मालक शुक्रवारपर्यंत थांबणार, मग दुसऱ्याला देणार. ये म्हणाली का? नाही म्हणाली. म्हणाली, जागा धरलीय, शुक्रवारपर्यंत आहे, आणि मग त्या मोडक्या पायाच्या पक्ष्याचं सांगायला लागली. सेहेचाळीस वर्षांत तिनं जागा निवडलीय असं कधी झालेलं नाही. मला न विचारता माझं कसं काय ठरवलं तिनं? हे कुठल्या नवऱ्याला चालेल? तुम्हाला चालेल? – तुम्हाला चालत असेल. बाई आत बसून नकाशा बघतायत आणि तुम्ही इथं मला विचारताय, म्हणजे अजून तुमचं ठरायचंय.

काय म्हणतायत त्या? ठरलं? उद्या किनाऱ्यालाच जायचं म्हणतायत? जा. माझं काय जातंय. गाडीखाली आधी ग्रीस फासून घ्या, सगळ्या सांध्यांना, चांगलं जाड, आणि दर आठवड्याला गोड्या पाण्यानं धुवायची खालून. तसं केलं तर गंज धरत नाही. फारसा नाही धरत. – हो, मी म्हटलं सांगाडा खातो. धुतलं नाही तर खातो. मी विचारलं होतं एका गॅरेजवाल्याला. सहज विचारलं होतं.

तुमच्याबरोबर येऊ? नाही, मी कुणाच्या मागून गाडी चालवत नाही. आणि माझ्या मागून कुणी आलेलं मला खपत नाही. तुम्ही तुमचं जा. किती वाजता निघताय? नऊ? नऊला कोण निघतं. आज मंगळवार. नऊला निघालात तर शुक्रवारी पोचणार नाही. – तुम्हाला शुक्रवारची घाई नाही. बरोबर आहे. तुम्हाला नाही.

उठा आता. बराच वेळ घेतलात माझा. अजून उजेड आहे, आणि मला चाकांत हवा भरायचीय. मदत नको. सहाही चाकं मी भरतो, नेहमी मीच भरतो. जा तुम्ही. बाई वाट बघतायत.