बॅट टेकली होती!

...नाही, पण तुम्हीच सांगा, बॅट टेकली होती की नाही? अख्ख्या स्टेडियमने पाहिलं हो! ती पांढरी उशी असते ना, बेस म्हणतात तिला, तिच्यावर माझी बॅट, मागे मी आडवा, कोपर सोललेलं, आणि अंपायर म्हणतो आउट! हबीबी, कसला आउट?

आता तुम्ही म्हणाल, बाबाजी, तू शारजाच्या हमरिया फ्री झोनमधला पाइप वेल्डर, तुला बेसबॉलमध्ये कुणी बोलावलं? तुम्हाला सांगतो, टेनिस बॉल क्रिकेटने! गुहागरपासून शारजापर्यंत वीस वर्षं नुसते सिक्सर मारले. ते बघून इथल्या नव्या प्रोफेशनल लीगच्या अमेरिकन कोचने मला उचललं. म्हणाला, "बाबा, यू आर अ हिटर!" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी म्हणालं हो. फोरमन तर नुसतं "ए लंबू" म्हणतो.

कोचची कटकट एकच. "मारलास की ड्रॉप द बॅट! बेसला पाय लाव!" टाकली की! सबंध सीझन मनावर दगड ठेवून टाकली. आपल्याकडे अशी बॅट फेकली तर म्हणतील, माज आलाय. आणि मारत सुटलो तो इतका, की सीझनमधल्या सगळ्यात जास्त हिट्सच्या रेकॉर्डशी बरोबरी! रेकॉर्ड कुणाचं? रोनितचं. आईबाप पुण्याचे, हा वाढला दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये, मराठीत काही विचारलं की, "सॉरी अंकल, आय अंडरस्टँड, बट आय कान्ट स्पीक." अंकल!

अजून एक हिट, म्हणजे मारून पहिल्या बेसला पोचलो, की रेकॉर्ड माझं आणि हॉल ऑफ फेमच्या भिंतीवर फोटो माझा, नावासकट! आणि संधी ही शेवटचीच. माझे गुडघे गेलेत, पुढच्या सीझनला नवी पोरं घेणार, कोचने हसत हसत सांगून टाकलं होतं. आता नाही तर खलास. मी गावाला बायकोला फोन केला, "आशा, भिंतीवर माझा फोटो लागणार!" तर म्हणते, "अहो, शुभ बोला!"

शेवटची मॅच. समोर रोनितची टीम, आणि पहिल्या बेसवर उभा कोण? रोनितच! बॉल आला... असा हाणला, असा हाणला, थेट लांबच्या कुंपणावर धाडकन! पळालो. बॅट टाकणारच होतो, शपथ! तेवढ्यात स्टँडमधून परेश, माझा रूममेट, आमच्या क्रिकेट टीमचा विकेटकीपर, बेंबीच्या देठापासून ओरडला, "बाबाजी, पळ! टेकव, बॅट टेकव!" अहो, त्याच आवाजावर जन्मभर धावा काढल्यात मी! डोकं म्हणतंय टाक, हात ऐकेना. मारला सूर, टेकवली बॅट, आणि उशीच्या अलीकडेच पडून देवाचं नाव घेत बसलो. कोच किंचाळतोय, "टच इट! टच इट!" म्हटलं, टच आहे की, दिसत नाही का? बॅट टेकली होती! तोवर बॉल आला, रोनितने झेलला, आरामात उशीवर पाय ठेवला. "सॉरी अंकल." हिट नाही, रेकॉर्ड नाही, काही नाही.

परेश अजून नाचतच होता! कुणीतरी समजावलं तेव्हा खाली बसला. हमरियापर्यंत गाडीत, खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं. बॅट टेकली होती हो...

परवा गेलो भिंत बघायला. फोटो रोनितचा, मोठाच्या मोठा, त्याच मॅचचा. हातात बॉल, उशीवर पाय, खाली त्याचं नाव. आणि त्याच्या पायाशी धुळीत कोण पडलंय? मीच की! चेहरा नाही दिसत, पण बॅट स्वच्छ टेकलेली दिसतेय! किती वेळ बघत उभा होतो कोण जाणे. तर मागून सिक्युरिटीवाला, "भाईसाब, जरा साइड में आइए ना, लोगों को चॅम्पियन के साथ सेल्फी लेनी है."

सांगणार होतो त्याला, की तो खालचा आहे ना, तो मी. मग म्हटलं, जाऊ दे. झालो बाजूला.