ओळखीची चिठ्ठी

संगणक दुरुस्तीच्या दुकानातला बाक आमच्या जुन्या टपाल कचेरीतल्या बाकासारखाच गुळगुळीत होता. त्यावर मला डुलकी लागत होती. समोर एक आजोबा कारागिराशी बोलत होते.

“लॅपटॉप फार सुस्तावलाय, काका. कुकीज पुसून टाकतो.”

“मग बायकोचा नेटवरचा फोटो-अल्बम उघडेल?”

“पासवर्ड टाकावा लागेल.”

“तो ती सोबत घेऊन गेली. आत्ता कसा उघडतो मग?”

“कुकी म्हणजे ओळखीची चिठ्ठी. साइटनं काकूंना दिलेली. ब्राउझर एकेक फोटो वेगळा मागतो आणि दर खेपेला ती चिठ्ठी दाखवतो.”

“चाळीस फोटोंना चाळीस खेपा?”

“हो. न कुरकुरता.”

“मी दुकानात एकदा जायचं तर तीनदा कुरकुरायचो.”

“फोटो उतरवून देऊ? मग पुसलं तरी चालेल.”

“फोटो आहेत रे माझ्याकडे. पण पान उघडलं की वर ‘ये, चिमणी’ असं येतं. मी मारायचो ती हाक तिनं तिथं नाव म्हणून लिहिलीय. ते कसं उतरवशील?”

“बाकीच्या कुकीज पुसतो, काका. ही चिठ्ठी राहू दे. उघडून बघू या?”

“नको, घरी उघडीन. चारचौघांत चिमणी म्हटलेलं तिला आवडत नाही.”