वाकडी काठी

अमरावतीहून इकडे हिंदी मुलखात, या कांचघर मोहल्ल्यात राहायला आलो ना, तेव्हा मी मोठ्या ऐटीत क्रिकेटची बॅट घेऊन गल्लीत उतरलो. पाहतो तर सारी पोरं हॉकी खेळून राहिली होती! शेजारच्या चाची बॅट पाहून खूश. "अच्छा, कपड़े कूटने के लिए लाए हो? लाओ इधर!" नेली अन् गोधड्या बडवल्या. काय करता? मीही हॉकी धरली, ती पार गुडघे जाईपर्यंत.

आता गल्लीत सारं क्रिकेटच चालते. परवा समोर पुण्याचं नवीन जोडपं आलं. माझी हॉकी दाराशी टेकलेली पाहून ती पोरगी म्हणते, "काका, उंच तारेवर चादर टाकायचीय. ती वाकडी काठी देता?"

दिली न भाऊ. पण तिनं ती अशी उलट्या हातांनी धरली, की माझ्यातल्या हॉकीवाल्याला राहवलंच नाही. म्हटलं, "बेटा, डावा हात वर घे!"